वाढतं माप

इसरू बुरडाची एक खोड होती. एखादी वस्तू पहिल्यांदा बिघडली, की दुसऱ्यांदा करायला बसण्याआधी तो तीन दिवस साऱ्या दुनियेवर चिडायचा. बांबूवर चिडायचा, कोयत्यावर चिडायचा, शेजारच्या नीलाबाईच्या कोंबड्यांवर तर विचारूच नका. त्या चैतात त्याला दुसऱ्यांदा करायची होती ती लेकराची बैठक. जीपगाडीत बांधायची. सोमवारी जीप येणार होती, त्या बैठकीत बसून त्याची नात मंगली घुग्घुसला बापाकडे जाणार होती, आणि बैठक धड झाली नाही तर जाणार नव्हती. गोष्ट एवढीच. पण एवढ्याशा गोष्टीत म्हाताऱ्याचा जीव अडकून बसला होता, त्याला कोण काय करणार!

आता कोणी म्हणेल, लेकराला बैठक कशाला हवी, कोणाच्या मांडीवर बसवून न्यावं की. अहो, मांडी कोणाची? मंगलीचा बाप सोमाजी हा लाकडाच्या एका ठेकेदाराचा डायवर. खाणीत टेकू द्यायच्या बल्ल्या जंगलातून नेणारा हा शेठ वर्षातून दोनदा इकडं कटाईवर यायचा, लिलावात घेतलेल्या जुन्या लष्करी जीपमधून. सोमाजीचे दोन्ही हात चाकावर. बाजूच्या शिटेवर शेठ. मागं पेट्रोलचे डबे, शेठचा बिस्तरा, शेठची पेटी. शेठनं एकदाच सांगून टाकलं होतं, "पोरगी ने, पण माझ्या मांडीवर नको, आणि सोबत दुसरा माणूसही नको. ही काय सर्विस मोटार आहे?" सोमाजीनं सुटी मागून पोरीला न्यावं, तर शेठ दुसऱ्या दिवशी दुसरा डायवर ठेवायला मोकळा.

खरं म्हणजे आणखी एक वाट होती. गाडीबैलानं दीड दिवसात वडसा, तिथून आगगाडीनं चांदा, चांद्याहून घुग्घुस ते किती लांब? इसरूला स्वतःला तिला नेऊन सोडता आलं असतं. पण आपल्याच पायांनी चालत जाऊन आपलंच घर रिकामं करून यायचं, हे त्याच्यानं होणारं नव्हतं. तो ते कोणाला बोलला नाही. सोमाजीलाही त्यानं ती वाट कधी सुचवली नाही.

घरात उरलं होतं तरी कोण? मुलगी गोकुळा, मंगली आठ महिन्यांची असताना तापानं गेली. मंगलीला वाढवलं ते इसरूच्या बायकोनं, कलाबाईनं. दोन पावसाळ्यांपूर्वी तीही गेली. मग त्या कुडाच्या घरात साठीचा म्हातारा आणि साडेतीन वर्षांची पोरगी, अशी दोनच माणसं. पोरगी दिवसभर बोलायची. इसरू सुपं विणायचा आणि 'हो' म्हणायचा. कधी तो 'हो' म्हणायचा विसरला, की ती त्याच्या हातातली बांबूची कमची ओढून घ्यायची, म्हणायची, "आबा, हो म्हन!"

पहिली बैठक दिवाळीला केली होती आणि ती चुकली ती अशी.

बुरडाचं एक असतं. गावात कोणी मेलं की पहिला माणूस बुरडाच्या दारात येतो. दोन बांबू पाहिजेत, आडव्या कामट्या पाहिजेत. इसरू एक कमची घेऊन निघायचा, झाकलेल्या माणसाच्या बाजूनं ती धरायचा, नखानं खूण करायचा आणि तेवढी तिरडी बांधायचा. चाळीस वर्षं गावातलं शेवटचं माप त्याच्याच हातचं. त्यामुळं जित्या माणसाला बुरडानं मोजायचं नाही, असा त्या गावाचा दंडक होता. त्यानं धानाची डाली मोजावी, कुडाची भिंत मोजावी, माणूस नाही. त्याच्या हातात लांब कमची दिसली की बायका लेकरू पदराआड घ्यायच्या. इसरूला त्याचा राग नव्हता. राग कशाचा? तो स्वतःच ते त्यांच्यापेक्षा जास्त मानायचा.

तेव्हा मंगलीला न मोजताच त्यानं बैठक केली, अंदाजानं. आणि वरून वाढतं माप धरलं. झगा शिवताना धरतात ना, तसं. लेकरू वाढतीचं आहे, जरा मोठीच असू द्यावी. होळीला येईल, दिवाळीला येईल, दोन-तीन वर्षं त्याच बैठकीत बसून आबाकडं ये-जा करील. एवढा विचार करून त्यानं खुर्चीसारखी पाठ असलेलं खोलगट परडं विणलं आणि समोर एक आडवी दांडी लावली.

गावाच्या वेशीलाच नाला. जीप नाल्याच्या उताराला लागली, सोमाजीनं ब्रेक दाबला, आणि मंगली त्या ऐसपैस परड्यातून दांडीच्या खालून अशी सुळ्ळकन निघाली की पेट्रोलच्या डब्यावर कपाळ आपटूनच थांबली. भुवईच्या वर खोक पडली. सोमाजी तिला उचलून तसाच धावत परत आला, त्याच्या सदऱ्यावर रक्त. "ठेवा मामाजी," तो म्हणाला. "बसाची धड सोय झाली तर पुढच्या खेपेले नेतो. नाई तर राहू द्या. जीव जाईन पोरीचा."

इसरूनं खोकेत हळद दाबली. तो ढसढसा रडला, सगळ्या गावानं पाहिलं. पण संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन भात भरवताना त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला बरं वाटून राहिलंय. लेकराचं कपाळ फुटलं आणि आपल्याला बरं वाटतंय! हातातला घास तसाच राहिला. टोपली नुसती पाहून तीत किती पायल्या धान मावेल ते सांगणारा माणूस तो. त्याला घरातल्या पोरीचा अंदाज चुकावा? चुकला, की चुकवला? हा प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसला तो उतरेना. देवाशपथ त्याला उत्तर माहीत नव्हतं.

माघात मात्र एक झालं. इसरूला ताप भरला आणि तो दोन दिवस घरात पडून राहिला, शुद्ध नाही. नीलाबाई तेव्हा तलावावर मासळीला गेली होती, दोन दिवस तिकडंच होती. ती परत आली तर दारात मंगली बसलेली. ओच्यात कच्चे तांदूळ, तेच खात होती. म्हणाली, "आबा हो म्हनत नाई." नीलाबाईनं त्याला शुद्धीवर आणलं, पेज पाजली आणि मग जी बोलायला लागली ती थांबेना.

"मेले असते म्हंजे? पोरगी मढ्यापाशी बसून राह्यली असती! बाप आहे तिचा, जिता आहे. काऊन अडवून राह्यले तिले?"

"मी कुठी अडवतो?"

"मंग बैठक कराची होती नीट!"

इसरूनं उरलेली पेज मंगलीपुढं सरकवली.

म्हणून चैतात, जीप यायला सहा दिवस उरले असताना, तीन दिवस चिडचिड करून झाल्यावर तो अंगणात बांबू घेऊन बसला. माप तर घ्यायलाच हवं. त्यानं एक कमची सोलली, मंगलीला हाक मारली, ती येऊन ताठ उभी राहिली. आणि याचा हात उठेना. तीच कमची, तेच नख. गोकुळालाही त्यानंच मोजलं होतं, दुसरा बुरड गावात होता कोण? कमची त्याच्या हातातून खाली पडली. मंगलीनं ती उचलून परत त्याच्या हातात दिली, शहाणी! त्यानं ती मोडून चुलीकडं फेकली.

नीलाबाई कुंपणापलीकडून पाहत होती. ती ढिवराची बाई. जाळ्याचा डोळा बोटांवर मोजतात, काठी लागत नाही. ती म्हणाली, "इसरूभाऊ, कमची कायले पायजे? पोरगी रोज तुमच्या मांडीवर बसते. मांडी मोजा ना आपली. तुमाले मोजल्यानं कोनाचं काई जात नाई."

इसरू लगेच मांडी घालून बसला, मंगलीला मांडीत घेतलं. तिची पाठ त्याच्या पोटाला कुठं टेकते, ढुंगण दोन मांड्यांच्या मध्ये किती मावतं, तिचे गुडघे कुठं वाकतात. तिला हात लावून नाही, आपल्या अंगावर वीत टाकून त्यानं सगळं मोजलं. एक वीत आणि चार बोटं. एक वीत आणि दोन. आपण तिला धरतो तेव्हा आपला हात तिच्या पोटावर नसतोच, तो खाली तिच्या जांघेवर असतो, हे त्याला तेव्हाच कळलं. दुसरा हात खांद्यावरून येतो. दांडीनं काम भागणार नव्हतं. दोन्ही ठिकाणी पट्टे पाहिजेत, आणि ते कापणारे नकोत.

पट्टे नीलाबाईनं दिले. जुन्या जाळ्याची तिपदरी पट्टी, तळहाताएवढी रुंद. "ओढलं तर ताणते, पन सुटत नाई," ती म्हणाली. "पाच शेराचा मरळ सुटला नाई यातून, तुमची नात काय सुटते!"

चार दिवस तो विणत होता. आत मऊ कोवळ्या कमच्या, बाहेर जून बांबूच्या कामट्या, सगळी टोकं कोयत्याची पाठ घासून गुळगुळीत केलेली. या वेळी एक बोटही वाढतं धरलं नाही. मंगलीला बसवून पाहिलं तर अशी चपखल बसली की हसायला लागली. इसरूला मात्र हसू येईना. येत्या दिवाळीपर्यंत पोरगी एवढीच राहणार थोडीच! तेव्हा ही बैठक तिला होणार नव्हती. ही एकाच खेपेची होती, फक्त जायच्या. विणताना त्याला ते कळत होतं आणि तरी हात चालत होते. रडायला आलं तर तो कोंबड्यांना शिव्या देत होता.

"आबा, ह्या कोनाच्या मांडीत बसून राह्यली मी?" मंगलीनं परड्यातून विचारलं.

"माह्याच," तो म्हणाला.

सोमवारी उन्हं चढायच्या आत जीप आली. शेठ खाली उतरला नाही, रुमालानं वारा घेत बसला. सोमाजी आत आला, सासऱ्याच्या पाया पडला आणि दाराशी घुटमळला. चांगला पोरगा होता तो, उगाच कोणी वाईट म्हणू नये. इसरूचं तोंड पाहूनच तो म्हणाला, "मामाजी, बैठक झाली नसन तर राहू द्या. दिवाळीले पाहू. मी काई म्हनत नाई."

बैठक आत कोपऱ्यात होती, तिच्यावर पोतं टाकलेलं. 'नाही झाली' म्हणायचं, बस. जीप निघून जाणार, संध्याकाळी मंगली 'हो म्हन' म्हणणार. इसरूच्या जिभेवर ते आलंही होतं.

एवढ्यात सोमाजीनं पिशवीतून एक झगा काढला. गोकुळाच्या माघारी त्यानं केलेल्या बायकोनं, प्रेमिलानं, शिवून पाठवला होता. लाल ठिपक्यांचा. इसरूनं तो हातात घेऊन पसरला. झगा मोठा होता, मंगलीच्या पायांत लोळला असता. खालची दुमड चांगली चार बोटं आत घातलेली, बाह्यांनाही दुमड, शिवणीत कापड राखलेलं. वाढतं माप. ज्या बाईनं पोरीला पाहिलं नव्हतं, तिनं दोन-तीन वर्षांचं कापड आत दुमडून ठेवलं होतं. ती पोरीला तिथं वाढवायच्या तयारीत होती. इसरूला हेवा वाटला, खोटं कशाला बोला. आणि हेव्याच्या मागोमाग छातीतली एक गाठ सुटल्यासारखी झाली.

"झाली बैठक," तो म्हणाला आणि त्यानं पोतं उचललं.

बांधायला त्यानं सोमाजीला हात लावू दिला नाही. डायवरच्या शिटेला मागून लोखंडी नळी होती. तिला बैठकीची पाठ लावून त्यानं अंबाडीचा दोर खालून, मधून आणि वरून असा तीन ठिकाणी आवळला, गुडघा रोवून ओढला. मग दोन्ही हातांनी बैठक गदागदा हलवली. जीप हलली, शेठ हलला, बैठक नळीपासून तसूभर सरकली नाही. शेठ काहीतरी पुटपुटला. पुटपुटू दे!

सोमाजी डोकं खाजवत होता. "मामाजी, ही उलटी झाली ना? तोंड मांगं झालं पोरीचं."

"उलटीच पायजे."

"उलटी काऊन? मोटारीत समोर पाहून बसते मानूस."

"मानूस बसते. लेकरू नाई." इसरू धापा टाकत बोलत होता. "गाडीबैलात लेकरं कशी बसवते? गाडी हाकनाऱ्या धुरकऱ्याच्या पाठीले पाठ लावून. उताराले गाडी अडली तर सगळं समोर जाते. तोंड समोर असलं तर थे तोंडावर जाईन. पाठ समोर असली तर पाठीवर जाते, पाठीमांगं विनलेलं आहे. मागल्या खेपेले तुमी समोर तोंड केलं, मीच करू देल्लं. पायलं ना काय झालं?"

सोमाजीला ते पटलं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "थे खरं. पन तोंड समोर असलं तर नाला गेला की विसरते पोरगी. असं बसवलं तर तुमीच दिसत राहान तिले, रस्त्याच्या मोडीपर्यंत. आन् तुमाले थे..." त्यानं पुढचं बोलणं सोडून दिलं.

ते इसरूच्या ध्यानात आलं नव्हतं असं थोडंच आहे! चार दिवस तेच तर ध्यानात होतं. त्याचा बेत होता की जीप निघायच्या आत नीलाबाईच्या घरामागं जाऊन बसायचं, काही पाहायचं नाही. आता ते होणार नव्हतं. पोरीचं तोंड गावाकडं, आणि गावात तिला पाहायचा होता एकच माणूस. तो दिसला नाही तर ती उठायला धडपडणार, पट्ट्यांशी झगडणार.

"दिसू द्या," तो म्हणाला. "मी उभा राहतो."

त्यानं मंगलीला उचलून बैठकीत ठेवलं. झगा घातलेला, खाली पायांवर लोळणारा. तो मांड्यांखाली नीट सारला, मग जाळीची पट्टी जांघेवरून घेतली, दुसरी खांद्यांवरून. पट्टीखाली आपलं एक बोट घालून पाहिलं. एक बोट गेलं, दुसरं गेलं नाही. बरोबर. "नाला वलांडला की एकदा गाडी थांबवून गाठी पाहा," त्यानं जावयाला बजावलं. "दोर नवा आहे, पयल्या गचक्याले बसते, ढिला पडते." मंगलीला वाटत होतं हा सगळा खेळ आहे. तिनं आबाच्या मिशीला हात लावला. जीप सुरू झाली आणि त्याला मागं सरावं लागलं.

तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. नीलाबाई येऊन बाजूला उभी राहिली. जीप धूळ उडवत नाल्याशी गेली, उताराला लागली. ब्रेक लागला, डबे खणखणले, शेठ मोठ्यानं ओरडला, आणि जीप खाली दिसेनाशी झाली. चैताचा कोरडा नाला, रुंदी ती काय, हाकेएवढी. पण पलीकडचा चढ चढून जीपचं बूड वर येईपर्यंत इसरूचं अर्धं आयुष्य गेलं.

जीप वर आली. मंगली होती तशी बसलेली होती, तोंड इकडं. बैठक तसूभर सरकली नव्हती.

सोमाजीनं सांगितल्याप्रमाणं गाडी थांबवली, इंजन बंद केलं, मागं येऊन गाठी ओढून पाहिल्या आणि हात वर करून दाखवला, सगळं घट्ट आहे. इसरूनंही हात वर केला. इंजन बंद झाल्यामुळं अवघं रान शांत झालं होतं. तेवढ्यात मंगली ओरडली.

ती रडली नव्हती. तिच्या आवाजात नुसतं नवल होतं. ती तर आबाच्याच मांडीत बसली होती, जागची हललीही नव्हती. तिच्या डोळ्यांसमोरून घर मागं सरकत गेलं होतं, नीलाबाई सरकत गेली होती, आणि आबा लहान लहान होत चालला होता.

"आबा!" ती ओरडली. "आबा, कुठी चालला?"

नीलाबाईनं तोंडात पदर कोंबला. पण उत्तर तर द्यायला हवं होतं, सोमाजी परत चाकाकडं निघाला होता. घर सोडून निघालेला माणूस दारात काय म्हणतो? 'जातो' तर कोणी म्हणत नाही. इसरूनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आपल्याच गावच्या रस्त्यावर, आपल्याच घरासमोर उभं राहून तो ओरडला,

"येतो वो माय! येतो!"

"बरं," मंगली पलीकडून ओरडली. "लवकर ये!"

आणि सोमाजीनं गाडी चालू केली.